स्मारक नाणी: संग्राहकाकडून मिळणारा नफा सरकारने पावतीवर दाखवावा का?

शिवराई (चर्चेची सुरुवात)

माझ्या वडिलांनी जवळजवळ चाळीस वर्षे नाणी जमवली. ते गेल्यानंतर त्यांच्या कपाटातला खण मी मागच्या महिन्यात प्रथमच नीट उघडला. प्रत्येक नाण्यासोबत घडी घातलेली पावती होती आणि पावतीच्या पाठीवर त्या दिवसाचा चांदीचा भाव त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवला होता. त्यांची ही सवय मला ठाऊक नव्हती. नाण्याची किंमत आणि चांदीचा भाव असे दोन्ही आकडे एकाच कागदावर सापडल्यामुळेच हा विषय मांडण्याचा धीर मला झाला.

खणातली सर्वांत जुनी नाणी म्हणजे १९६९ सालची, गांधी जन्मशताब्दीची दहा रुपयांची दोन नाणी. वजन १५ ग्रॅम, चांदी ८० टक्के, म्हणजे प्रत्येकात १२ ग्रॅम चांदी. आजोबांनी ती बँकेत दहाच्या दोन नोटा देऊन घेतली होती, असे वडील सांगत. त्यानंतरची बहुतेक नाणी मात्र एकाच घडणीची आहेत: ३५ ग्रॅम वजन, ४४ मिलिमीटर व्यास, निम्मी चांदी, ४० टक्के तांबे आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के. त्यांच्यावर कुठे १००, कुठे १२५, कुठे १५० रुपये असे मूल्य उमटवलेले आहे. अगदी अलीकडचे नाणे २०२३ सालचे आहे. त्यासाठी वडिलांनी तीन हजारांहून थोडे अधिक मोजले. त्या पावतीमागे पेन्सिलीने ७२ असा आकडा आहे, म्हणजे ग्रॅमला ७२ रुपये. साडेसतरा ग्रॅम चांदीचे १,२६० रुपये झाले. तांबे, निकेल आणि जस्त सगळे मिळून पंधरा-वीस रुपयांच्या पलीकडे जात नाही. राहिलेले सतराशे-अठराशे रुपये कशाचे, हे पावती सांगत नाही, आणि नाण्यावर छापलेल्या रकमेशी तर यातल्या कुठल्याच आकड्याचा संबंध लागत नाही.

दोन नाणी घेऊन मी एका सराफाकडे गेले होते. त्यांनी काट्यावर वजन केले, भिंगातून पाहिले आणि अर्ध्या चांदीला घट धरून जो भाव सांगितला तो ऐकून मी नाणी परत पिशवीत ठेवली. सराफांचा यात काही दोष नाही, त्यांचा व्यवहार चोख होता.

माझे म्हणणे एवढेच आहे. सरकारने संग्राहकाकडून नफा जरूर घ्यावा, पण तो लपलेला नसावा. सराफाच्या पावतीवर वजन, शुद्धता आणि घडणावळ वेगवेगळी असते. तशीच टांकसाळीच्या पावतीवरही असावी. आणि संग्राहकाच्या वारसाला नाणे परत द्यायचे असेल, तर सरकारने ते निदान त्या दिवसाच्या धातूच्या भावाने परत घ्यावे. ज्याच्यावर सरकारचा ठसा आहे, त्याला सरकारने पाठ दाखवू नये.

दक्षिणवारा

शिवराई यांच्या वडिलांची शिस्त वाचून मनापासून आदर वाटला, तरीही त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

येवल्याची पैठणी घेताना आपण रेशमाचे आणि जरीचे वजन करून पैसे देत नाही. विणकराचे महिने, नक्षी, नाव, परंपरा या सगळ्याचे मोल त्यात असते. पुढे कधी ती साडी जीर्ण झाली आणि कोणी तिच्यातली जरीची तार वजनावर विकली, तर मिळणारी रक्कम मूळ किमतीच्या जवळपासही नसते, आणि म्हणून विणकराने फसवले असे कोणी म्हणत नाही. स्मारक नाण्याचेही तसेच आहे. ते कोणावर लादलेले नाही. ते न घेतल्याने कोणाचा व्यवहार अडत नाही, धान्य किंवा औषध महाग होत नाही. सरकारी महसुलाच्या जितक्या वाटा मला ठाऊक आहेत, त्यांत देणाऱ्याने आनंदाने, रांगेत नाव नोंदवून पैसे द्यावेत अशी ही एकच वाट आहे. तीही बंद करायची, तर तेवढी रक्कम कुणाच्या तरी खिशातून कराच्या रूपाने घ्यावी लागेल.

शिवाय धातूचे मिश्रण लपवलेले नाही. प्रत्येक स्मारक नाण्याची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध होते आणि तीत वजन, व्यास व धातूंचे प्रमाण दिलेले असते. ज्याला हिशेब करायचा आहे त्याला तो करता येतो. शिवराई यांच्या वडिलांनी केलाच होता, आणि तरीही त्यांनी नाणी घेतली. हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांना फरक माहीत होता आणि तो त्यांनी मान्य केला होता.

आणखी एक गोष्ट. २०१८ मध्ये माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार मुंबईच्या टांकसाळीत एक रुपयाचे नाणे पाडायला १ रुपया ११ पैसे, दोनचे पाडायला १ रुपया २८ पैसे, पाचचे पाडायला ३ रुपये ६९ पैसे आणि दहाचे पाडायला ५ रुपये ५४ पैसे खर्च येत होता. म्हणजे एक रुपयाच्या प्रत्येक नाण्यावर सरकार पदरमोड करते. तो रुपया बसच्या वाहकाला, भाजीवालीला, देवळाच्या पेटीला लागतो. हौसेने नाणे घेणाऱ्याच्या पैशातून गरजेच्या नाण्याची तूट अंशतः भरून निघत असेल, तर यापेक्षा न्याय्य वाटणी कोणती?

शिवराई

आपला मुद्दा वडिलांना पटला असता, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. पण पैठणीच्या पदरावर राज्यसंस्था 'मूल्य १०० रुपये' असे विणत नाही. पैठणीतली जरीची तार वितळवली म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. नाण्यावरचा आकडा हे सरकारने दिलेले वचन आहे, आणि माझा आक्षेप त्या वचनाबद्दल आहे.

कायदेकानू

वितळवण्याचा विषय निघालाच आहे, तर कायदा नेमका काय सांगतो ते मांडतो, कारण दोन्ही बाजूंच्या वाचकांना ते आश्चर्यकारक वाटेल.

१९०६ चा जुना कायदा आणि त्याच्या जोडीचे काही छोटे कायदे मोडीत काढून २०११ मध्ये नवा नाणे कायदा आला. त्यात 'नाणे' या शब्दाच्या व्याख्येत स्मारक नाणी स्पष्टपणे घेतली आहेत. एक हजार रुपयांहून अधिक मूल्याचे नाणे पाडता येत नाही. एक रुपया व त्यावरील नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंतच वैध चलन म्हणून चालतात. इथपर्यंत सरळ आहे.

कलम १२ मात्र सावकाश वाचण्यासारखे आहे. नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे मना आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याच कलमानुसार विनिमयाचे साधन सोडून अन्य कामासाठी नाणे वापरणेही मना आहे, आणि वाजवी गरजेपेक्षा पुष्कळ अधिक नाणी दर्शनी किमतीहून वेगळ्या किमतीला विकण्यासाठी जवळ बाळगणेही मना आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची आहे. हा नियम ज्या काळजीतून आला ती खरी होती. चिल्लर दाबून ठेवून ती कमिशनवर विकणारे आणि धातूसाठी नाणी पळवणारे यांना आवर घालायचा होता. परंतु शब्द इतके व्यापक आहेत की संग्राहकांच्या प्रदर्शनात टेबल मांडून बसणारा प्रत्येक व्यापारी त्यांच्या सावलीत उभा राहतो. आणि त्याच कायद्याच्या छत्राखाली सरकारची स्वतःची टांकसाळ शंभराचे नाणे हजारांत विकते.

मी यातून सरकारवर दोषारोप करत नाही. माझे म्हणणे मर्यादित आहे: कायद्याने स्मारक नाण्याला साध्या नाण्याच्याच वर्गात बसवले आहे, आणि व्यवहारात मात्र ते दागिन्यासारखे विकले जाते. दोन्ही भूमिका एकाच वेळी घेता येणार नाहीत. ते चलन असेल, तर दर्शनी किमतीला मिळायला हवे. ते कलावस्तू असेल, तर वितळवण्याची आणि विकण्याची बंदी त्याला लागू नसावी, आणि मग शिवराई यांना सराफाकडून मिळणारा भावही थोडा सुधारेल.

ठसेकार

मी तीस वर्षे पदके आणि सन्मानचिन्हे घडवणाऱ्या कारखान्यात ठसे कोरण्याच्या विभागात काम केले. सरकारी टांकसाळीत मी कधी नव्हतो, पण काम एकाच जातीचे आहे. म्हणून 'राहिलेले अठराशे रुपये कशाचे' या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर मी देऊ शकतो.

चालू नाणे मिनिटाला शेकड्यांनी पडते. चकती यंत्रात शिरते, एक दाब बसतो, नाणे पेटीत पडते, आणि पेटीत नाण्यावर नाणे आदळून पहिला ओरखडा तिथेच उठतो. संग्राहकांसाठी खास चकाकीने पाडलेल्या, म्हणजे प्रूफ नाण्याचे तसे नसते. चकती आधी तापवून मऊ करायची, आम्लात धुवायची, मग चकाकी देऊन पुसायची. ठशाचा सपाट भाग आरशासारखा घासायचा आणि चेहऱ्याचा, अक्षरांचा भाग मात्र मुद्दाम दुधाळ ठेवायचा. तो जो काळा-पांढरा भेद नाण्यावर दिसतो, तो या दोन प्रकारच्या पृष्ठभागांमुळे. त्यानंतर एकेक चकती हातमोजे घालून ठशावर ठेवायची, तिच्यावर एकाहून अधिक वेळा दाब द्यायचा, आणि उचलून लगेच झाकायची. ठशावर धुळीचा एक कण बसला, तर तो पुढच्या प्रत्येक नाण्याच्या गालावर उमटतो. असे नाणे बाजूला काढावे लागते, आणि ठसा पुन्हा घासावा लागतो. चांदी मऊ, तांबे-निकेल कडक. चार धातूंची मिश्र चकती नेहमी सारखी वागत नाही.

एवढ्या खटाटोपाची घडणावळ धातूच्या किमतीइतकी झाली, तरी मला ती अवाजवी वाटणार नाही. पण शिवराई यांच्या एका मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. घडणावळ वेगळी लिहा. ज्याने ते काम हाताने केले आहे त्याला तो आकडा दिसण्यात कमीपणा वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. आणि साध्या, आरसा नसलेल्या अनसर्क्युलेटेड नाण्याला प्रूफच्या जवळपासची किंमत लावली असेल, तर तेही मग उघडे पडेल.

चांदवडी

ही चर्चा आजची वाटत असली, तरी तिचे मूळ आपल्याकडे जुने आहे. पेशवाईत टांकसाळीचे परवाने सोनारांना दिले जात आणि त्याबद्दल सरकारात रक्कम भरावी लागे. एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या मुलखात नेला की त्यावर बट्टा कापला जाई, आणि कोणता रुपया कोणत्या कसाचा हे पारखण्यासाठी पोतदार बसत. नावाला बट्टा लागणे हा शब्दप्रयोग आपण आजही करतो, तो त्या पारखीतूनच आला. तेव्हा नफा होता, पण तो दिसत होता. बट्टा किती, हे बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक असे.

खरा बदल १८९३ मध्ये झाला. तोपर्यंत कोणीही टांकसाळीत चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत होता, त्यामुळे रुपयाची किंमत आणि त्यातल्या चांदीची किंमत फार काळ वेगळी राहू शकत नव्हती. त्या वर्षी टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या. रुपया तोच, १८० ग्रेनचा आणि ११/१२ कसाचा, पण आता तो आतल्या चांदीपेक्षा महाग झाला आणि मधला फरक सरकारच्या हाती आला. इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या फाउलर समितीच्या शिफारशीनंतर १९०० पासून हा नफा महसुलात न मिसळता वेगळ्या राखीव निधीत ठेवला गेला, कारण रुपयाचा विनिमय दर सांभाळण्यासाठी तो हाताशी असावा, अशी त्यामागची कल्पना होती. आणि १९०७ मध्ये त्याच नफ्यातले १० लाख पौंडांहून अधिक रेल्वेच्या कामाकडे वळवले गेले. हाताशी पडलेला पैसा वेगळा ठेवण्याचा निश्चय सात वर्षेच टिकला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२५ मध्ये भारतीय चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे या निधीच्या मुळावरच बोट ठेवले होते. निधी रुपये पाडण्याच्या नफ्यातून वाढतो, म्हणजे निधी वाढवायचा तर रुपये अधिक पाडावे लागतात, आणि रुपये अधिक पाडले की देणे वाढते; मालमत्ता आणि देणे अशी एकमेकांना बांधलेली असणे धोक्याचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. नाणे पाडण्यात नफा असला की पाडणाऱ्याला अधिक पाडावेसे वाटते, ही साधी गोष्ट त्यांनी नेमकी पकडली. आज स्मारक नाण्यांच्या बाबतीत मला तीच भीती वाटते. १९६४ मध्ये नेहरूंच्या स्मृतीसाठी पहिले स्मारक नाणे निघाले, तेव्हा तो एक प्रसंग होता. आता एका वर्षात किती प्रसंग येतात, ते प्रत्येक संग्राहकाला माहीत आहे. संस्थेची शताब्दी, व्यक्तीची सव्वाशेवी जयंती, आणखी कशाचा अमृतमहोत्सव. प्रत्येक प्रसंग योग्यच असेल, परंतु प्रत्येकाला तीन-साडेतीन हजारांचे नाणे लागतेच असे नाही. १९९९ मध्ये संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे आणि शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे निघाले. ती आमच्या शाळेतल्या मुलांच्या खिशात होती. स्मरण म्हणून ते काम कुठल्याही मखमली पेटीपेक्षा मोठे होते.

दक्षिणवारा

चांदवडी यांनी इतिहासाचा उत्तम आधार दिला, पण त्याच इतिहासाचे पुढचे पान त्यांनी उलटले नाही. पहिल्या महायुद्धात चांदी महाग झाली. रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स धरला, तर लंडनमध्ये चांदी औंसाला सुमारे ४३ पेन्सपर्यंत गेली की रुपयातली चांदी रुपयाइतकी होई. त्यापुढे रुपया वितळवणे फायद्याचे. फेब्रुवारी १९२० मध्ये चांदी साडे-एकोणनव्वद पेन्सवर पोहोचली. मधल्या काळात सरकारला नाण्यांचा चलनाखेरीज वापर बेकायदा ठरवावा लागला, १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढावी लागली, आणि १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायद्यान्वये आपल्या साठ्यातली २० कोटी औंस चांदी दिली तेव्हा कुठे वेळ निभावली. नाण्याची धातूकिंमत दर्शनी किमतीला गाठते तेव्हा काय होते, त्याचे हे उदाहरण आहे. फरक हा सरकारचा लोभ नसतो. तो चलनाचा बांध असतो.

पेठेतला सराफ

दक्षिणवारा म्हणतात तो बांध फुटलेला मी माझ्या गल्ल्यावर पाहिला आहे, आणि त्यासाठी १९२० पर्यंत जावे लागत नाही. २००७ मध्ये निकेल टनाला ५० हजार डॉलरच्या वर गेले होते. तेव्हाचे पाच रुपयांचे जाड नाणे ९ ग्रॅमचे, तीन भाग तांबे आणि एक भाग निकेल. सव्वादोन ग्रॅम निकेल आणि पावणेसात ग्रॅम तांबे यांची किंमत त्या वेळच्या ४१ रुपयांच्या डॉलरने साडेसहा रुपयांच्या आसपास येत होती. पाच रुपयांच्या नाण्यात साडेसहाचा माल! त्या दिवसांत ओळखीचे नसलेले लोक दुकानात येऊन 'पाचची नाणी किती देता' असे विचारत. आम्ही देत नव्हतो, पण कशासाठी विचारतात ते कळत होते. त्याच सुमारास नाण्यांचे दाढीचे ब्लेड होण्यासाठी ती सीमेपार बांगलादेशात जातात, अशा बातम्याही आल्या. मग पोलादी नाणी आली, ती लोकांना हलकी आणि एकसारखी वाटली, पण वितळवायला कोणी विचारेनासे झाले.

आता स्मारक नाण्यांबद्दल. माझ्याकडे महिन्याला एखादे तरी कुटुंब येते. बहुधा घरातले वडीलधारे गेलेले असतात. पेटी उघडतात, नाणे हाती घेतात आणि पहिला प्रश्न असतो, 'ही चांदीचीच आहेत ना?' मी हो म्हणतो, पण निम्मी. तिथे त्यांचा चेहरा पडतो. पावतीवर किंवा पेटीच्या झाकणावर '१७.५ ग्रॅम चांदी' एवढे ठळक लिहिलेले असते, तर तो चेहरा पडला नसता, कारण घेणाऱ्याने घरी ते सांगितले असते. राजपत्र घराघरांत वाचले जात नाही.

पण परत घेण्याच्या मागणीला माझा विरोध आहे, आणि तो धंद्याच्या अनुभवातून आहे. सरकार धातूच्या भावाने परत घेणार म्हटले, की पुढच्या महिन्यात निम्म्या चांदीऐवजी पाव चांदीची हुबेहूब नाणी पेट्यांसकट परत येतील. प्रत्येक नाणे तपासण्याचा खर्च कोणाच्या माथी?

राईनकाठी

मी पंचवीस वर्षे जर्मनीत राहतो आणि इथली चांदीची नाणी माझ्या मुलासाठी घेत आलो आहे. इथला अनुभव दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल.

इथे दहा युरोची स्मारक नाणी बँकेच्या खिडकीवर दहा युरोलाच मिळत. १८ ग्रॅम वजन, ९२.५ टक्के चांदी, म्हणजे १६.६५ ग्रॅम. मुलगा ती घेऊन बेकरीत पाव आणू शकला असता, आणि एकदा आणलाच. बेकरीवालीने नाणे उलटून पाहिले, शेजारणीला दाखवले आणि गल्ल्यात टाकले. पेटी नाही, मखमल नाही. सरकारला नफा नव्हता असे नाही. चांदी स्वस्त होती तोवर दहा युरोच्या नाण्यात तीन-चार युरोचा धातू होता, आणि जे नाणे लोकांच्या कपाटात कायमचे जाऊन बसले त्याचा सगळा फरक सरकारचा. पण घेणाऱ्याला तळ माहीत होता. काही झाले तरी दहा युरो कुठे जात नाहीत.

२०११ मध्ये चांदी इतकी वाढली की नाण्यातला धातू दहा युरोच्या वर गेला. तेव्हा सरकारने साधे नाणे तांबे-निकेलचे केले आणि ते दहा युरोलाच देणे सुरू ठेवले. चांदीचे प्रूफ वेगळे, चढ्या किमतीला, आणि त्यातही चांदी ६२.५ टक्क्यांवर आणली. म्हणजे चलन आणि कलावस्तू यांची फारकत केली, जी कायदेकानू मागत आहेत.

उलट टोकाचे उदाहरण जपानचे. १९८६ मध्ये सम्राट हिरोहितो यांच्या कारकिर्दीच्या साठाव्या वर्षानिमित्त एक लाख येनचे सोन्याचे नाणे निघाले. सोने २० ग्रॅम, म्हणजे त्या वेळच्या भावाने दर्शनी किमतीच्या निम्म्याहूनही कमी. १९९० मध्ये एक लाखाहून अधिक बनावट नाणी बँकांत जमा झाल्याचे उघड झाले. ती खऱ्या सोन्याचीच होती! बनावट करणाऱ्याला खरे सोने घालूनही नफा सुटत होता. पेठेतल्या सराफांची भीती म्हणून अनाठायी नाही, पण ती भीती दर्शनी किंमत धातूपेक्षा फार वर ठेवल्यानेही खरी ठरते, हे लक्षात घ्यावे.

दक्षिणवारा

राईनकाठी यांच्या दोन्ही उदाहरणांतून माझ्या मते एकच गोष्ट निघते. दर्शनी किंमत धातूपेक्षा फार वर असली तर बनावट नाणी येतात, धातू वर गेला तर सरकारला वचन बदलावे लागते. आपल्याकडची पद्धत, म्हणजे दर्शनी किंमत खाली, धातू तिच्या वर आणि विक्रीची किंमत त्याहून वर, ही दोन्ही धोक्यांपासून सुरक्षित आहे. आणि भाव वाढला तर वाढ पूर्णपणे घेणाऱ्याची. २०२५ मध्ये चांदीने किलोला एक लाखाचा टप्पा मागे टाकला. शंभर रुपये ग्रॅम धरले तरी साडेसतरा ग्रॅमचे १,७५० होतात. शिवराई यांच्या वडिलांनी ऐंशीच्या किंवा नव्वदच्या दशकात घेतलेल्या नाण्यांवर ती वाढ किती झाली असेल, ते त्यांच्याच पावत्यांवरून दिसेल. सरकारने त्या वाढीत वाटा मागितलेला नाही.

शिवराई

मी पावत्या पुन्हा पाहिल्या. दक्षिणवारा यांचे म्हणणे जुन्या नाण्यांबद्दल खरे आहे. ऐंशीच्या दशकातल्या नाण्यांनी वडिलांचे पैसे कितीतरी पटींनी परत दिले आहेत, आणि हे मी सुरुवातीलाच लिहायला हवे होते. नव्या नाण्यांबद्दल ते खरे ठरायला अजून बरीच वर्षे लागतील, आणि त्या पेन्सिलीच्या आकड्यांतली दरी वर्षागणिक रुंदावत गेली आहे हेही तितकेच खरे.

पेठेतल्या सराफांचे ऐकून परत घेण्याची मागणी मी सोडते. त्याऐवजी कायदेकानू यांनी सांगितलेल्या एक हजाराच्या मर्यादेवरून एक विचारते. २०१० मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला एक हजार वर्षे झाली, तेव्हा एक हजार रुपयांचे नाणे निघाले. ३५ ग्रॅम, ८० टक्के चांदी, म्हणजे २८ ग्रॅम. त्या वर्षी चांदी ग्रॅमला तीस रुपयांच्या आसपास बराच काळ होती, म्हणजे धातू साडेआठशेच्या घरात आणि दर्शनी किंमत हजार. आकडा आणि चांदी शेजारी शेजारी होत्या. मग पुढच्या नाण्यांवर पुन्हा १००, ७५ का? साडेसतरा ग्रॅमच्या नाण्यावर १,००० लिहिले, तर चांदी ग्रॅमला ५७ रुपयांच्या खाली येईपर्यंत सरकारला काहीच द्यावे लागणार नाही, आणि घेणाऱ्याला त्याखाली एक पक्का तळ मिळेल.

दक्षिणवारा

चांदी ५७ च्या खाली कधीच जाणार नाही, असे सरकारने गृहीत धरावे का? ती २०१९ मध्ये चाळीसच्या आसपास होती. त्या दिवशी प्रत्येक नाण्यामागे तीनशे रुपये तिजोरीतून जातील, आणि ते नाणे कधीच न घेतलेल्या माणसाच्या करातून जातील. तळ हवा असेल तर पाचशेचा ठेवावा; तेवढ्याला मी तयार आहे. पावतीवर घडणावळ वेगळी लिहिण्यालाही आता माझा विरोध नाही, ठसेकारांच्या धुळीच्या कणाने तो संपवला.

ठसेकार

पाचशे असो वा हजार, आकडा ठशावर कोरण्याचे श्रम सारखेच आहेत. पेटीच्या झाकणावर चांदीचे वजन छापायला मात्र ठसाही नवा लागत नाही. ते उद्यापासून करता येईल.

शिवराई

पाचशेवर माझे समाधान होत नाही, पण वजन आणि घडणावळ या दोन गोष्टींवर इथे कोणाचाच विरोध उरलेला दिसत नाही. तेवढ्या दोनच मुद्द्यांचे पत्र मी अर्थ मंत्रालयाला लिहीत आहे आणि सोबत २०२३ ची पावती दोन्ही बाजूंनी छायाप्रत करून जोडणार आहे, पाठीवरच्या पेन्सिलीच्या आकड्यासकट.